त्रेपन्नावा पत्ता

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, म्हणजे मला मध्ये थांबायला नको. फजिती माझी आहे आणि ती मीच सांगणार. आमचा गेनबा सांगतो ती ऐकू नका. तो तिखट-मीठ लावून सांगतो. अहो, मूळची फजितीच एवढी झणझणीत असताना वरून तिखट कशाला?

आणि एक आधीच सांगून ठेवतो. मला पस्तावा-बिस्तावा काही झालेला नाही. तोच प्रसंग उद्या पुन्हा आला तर मी तेच करीन. फक्त चुलीवर भांडं दुसरं ठेवीन. का ते पुढं कळेल.

माझा बाप सखाराम. तरुणपणी तो खडकीच्या छावणीत एका साहेबाचे घोडे सांभाळायचा. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्यानं बापाला पत्त्यांचा एक कॅट दिला. म्हणाला, हा माझ्या आज्याचा आहे, सत्तावन्नच्या बंडाच्या आधीचा. बापानं तो तांबड्या फडक्यात बांधून चाकणला आणला आणि मरेपर्यंत येईल त्याला दाखवला.

लोक काय म्हणाले असतील? "साहेब मोतद्दाराला लाथ देतो, फार तर जुना कोट देतो. आज्याचे पत्ते देतोय व्हय!" झालं. नाव पडलं, थापाड्या सखाराम. ज्या माणसानं जन्मात कधी कांद्याच्या काट्याला बोट लावलं नाही, ज्यानं चांगल्या कांद्याखाली कधी सडका दडपला नाही, तो माणूस थापाड्या! बाप गेला, पण नाव काही गेलं नाही. मी साठीला आलो तरी मला 'थापाड्याचा म्हादू' म्हणायचे. पण मी बोलायला सावकाश. माझं उत्तर तयार होईपर्यंत पुढचा माणूस घरी जाऊन जेवलेला असतो.

तर ते वर्ष. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, त्याच सुमाराचं. श्रावणाचे दिवस. सकाळी वखारीतला कांदा निवडायचा, सडका बाहेर काढायचा, आणि दुपारी मारुतीच्या देवळात पत्ते, मेंढीकोटचा डाव. कॅट गेनबाचा. गेनबा म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ. सासुरवाडी गावातच, दोन गल्ल्या सोडून. देवानं कुणाला एवढ्या जवळ सासुरवाडी देऊ नये!

गेनबाच्या कॅटातली बदाम सत्ती शेळीनं खाल्ली होती. म्हणून जोकरालाच सत्ती म्हणून खेळवायचे. पत्ता हरवला की जोकर त्याच्या जागी उभा, ही आपल्याकडची रीतच. त्या जोकराच्या पोटावर एक भोकही होतं. डाव हरला की गेनबा विडी त्याच्या पोटावर टेकवायचा. राग कुणाचा आणि भाजणार कोण!

एके दिवशी खेळता खेळता माझ्या तोंडून गेलं, "आमच्या बाच्या कॅटातला राजा पायावर उभा हाय. ह्याच्यासारखा कमरेला जोडल्याला दोन तोंडांचा न्हाई."

गेनबानं पत्ते खाली ठेवले. "दाजी, म्हातारा गेला. आता त्याची थाप तरी जाऊ द्या की."

"थाप न्हाई ती."

"मग सांगा, माझ्या कॅटात जोकर हाय का न्हाई?"

"हाय."

"तुमच्यात?"

"न्हाई."

"बघा! मंजे अपुरा! साहेबानं मोडका कॅट उकिरड्यावर टाकला आन् सखारामबाबानं उचलून आणला. वर म्हणं आज्याचा!"

सगळं देऊळ हसलं. मारुतीसुद्धा हसल्यासारखा वाटला मला. आणि त्या दिवशी, कसं कुणास ठाऊक, माझं उत्तर वेळेवर तयार झालं.

"लाव पैज," मी म्हणालो.

गेनबा कांदा घेऊन तळेगाव दाभाड्याला जायचा. तिथं नानासाहेब म्हणून एक पेन्शनर राहायचे. हवा चांगली म्हणून पुण्याहून येऊन राहिलेले. त्यांना जुन्या पत्त्यांचा नाद. काचेचं कपाट भरून पत्ते! पत्ता बघितला की वय सांगतात, बैलाचे दात बघून सांगावं तसं. ठरलं, पुढच्या रविवारी नानासाहेबांना देवळात आणायचं. कॅट जुना निघाला तर गेनबानं सगळ्यांसमोर म्हणायचं, 'सखारामबाबा खरं बोलत व्हते.' आणि नवा निघाला तर मी म्हणायचं, स्वतःच्या तोंडानं, 'माझा बाप थापाड्या.'

पैजेत पैसा नव्हता. असता तर बरं झालं असतं. पैसा गेला तर पुन्हा मिळतो हो.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी फडकं सोडलं, पत्ते मोजले. बावन्न. पुन्हा मोजले. बावन्नच. जोकर काही उगवेना.

आता तुम्ही शहाणी माणसं म्हणाल, म्हादबा, नव्हता तर नव्हता. पण माझा जन्म गेला कांद्याच्या बाजारात. तिथं गोणीतला कांदा सोन्यासारखा असू द्या, ठरल्या वजनाला भरती कमी निघाली की दलाल आधी गोणीकडं बघतो, मग तुमच्याकडं बघतो आणि मग तुमच्या सात पिढ्यांकडं बघितल्यासारखा बघतो. कमी भरतीचा माल घेऊन जायचं? आणि तेही बापाच्या इज्जतीच्या सौद्याला? छे! मी ठरवलं, भरती पुरी करायची.

जोकर आणायचा कुठून? अख्ख्या गावात मला ठाऊक असलेला जोकर एकच. देवळाच्या कोनाड्यात ठेवलेल्या गेनबाच्या कॅटातला.

मंगळवारी भर दुपारी, देऊळ रिकामं बघून, मारुतीकडं पाठ करून मी तो काढला. मारुतीला म्हणालो, "बाबा, तूही बापासाठी आन् मालकासाठी काय काय केलंस. तू समजून घे."

घरी आणून बापाच्या पत्त्यांशेजारी ठेवला, तर जोकर कसा दिसावा? लग्नात आलेल्या नवऱ्या मुलासारखा! पांढराशुभ्र. बापाचे पत्ते जुन्या पागोट्यासारखे पिवळे. त्यात बापाच्या पत्त्यांचे कोपरे चौकोनी, टोकदार, आणि ह्याचे गोल गोल.

रंगाची अडचण नव्हती. चाळीस वर्षं कांदा निवडून माझी बोटं कसल्या रंगाची झालीत बघा. सालपटं उकळली की त्या पाण्यात पांढरं धोतरसुद्धा आज्याच्या काळातलं होतं. मी चुलीवर पातेलं चढवलं.

"अवो, सालपटं कशाला उकळताय?" आमच्या पारूनं विचारलं.

"खोकल्याला."

"कुनाच्या?"

असल्या प्रश्नांना माझं उत्तर वेळेवर तयार होत नाही. मी खोकून दाखवलं.

जोकर रात्रभर त्या पाण्यात ठेवला. सकाळी काढून वखारीत वाळवला. रंग काय सुरेख आला होता! मग घेतला पात कापायचा विळा आणि बसलो कोपरे चौकोनी करायला. आता गोल कोपरा चौकोनी करायचा म्हणजे काय, कडाच कापायला लागणार. उजवी कड कापली, ती डावीपेक्षा वाकडी झाली. डावी कापली. मग वरची. जोकराच्या टोपीचे गोंडे गेले. मग खालची. पाय गेले घोट्यापासून. पुन्हा उजवी. मी पडलो सावकाश, जपून काम करणारा माणूस, त्यामुळं दुपारपर्यंत कापतच होतो! शेवटी कोपरे झाले चौकोनी, पण जोकर बाकीच्या पत्त्यांपेक्षा बोटभर लहान. राजे-राण्यांच्या पंगतीत पाटाखाली बसवल्यासारखा.

पारू दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "ह्याचाच का वो खोकला?"

इकडं देवळात काय चाललं होतं? आकांत! जोकर नाही म्हणजे बदाम सत्ती नाही, आणि सत्ती नाही म्हणजे खेळ नाही. भर श्रावणात मेंढीकोट बंद! दोन सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या बंड्या झाडून बघत होते. गेनबानं मारुतीसमोर हात वर केला आणि ओरडला, "देवाच्या दारात चोरी! ज्यानं नेली असंल त्याच्या हाताला काळं लागंल!"

मी माझ्या हातांकडं बघितलं. काळे नव्हते, तांबूस-पिवळे होते. म्हणजे शाप लागला नाही असं समजून मीही घोंगडी उचलून शोधायला लागलो. काय करणार? एकट्यानंच शोधलं नाही तर डोळ्यांवर नसतं का आलं?

"दाजींकडनं शिका रं!" गेनबा बाकीच्यांवर खेकसला. "त्यांचं गुडघं दुखत्यात, तरी बिचारे वाकून वाकून शोधत्यात!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शोधत राहिलो.

रविवार उजाडला. नानासाहेब दुपारच्या एस.टी.नं आले. काळी टोपी, बारीक चष्मा आणि खिशात भिंग. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मी फडकं सोडून कॅट त्यांच्यासमोर ठेवला. जोकर मात्र कंबरेच्या चंचीत वेगळा ठेवला होता. त्याला शेवटी, थाटात बाहेर काढायचा विचार होता. जेवणात पक्वान्न शेवटी नाही का येत?

नानासाहेबांनी एकेक पत्ता उचलून बघितला. पालथा घातला, उलथा घातला, उजेडाला धरला. त्यांच्या तोंडावर हळूहळू जो उजेड येत गेला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"हे बघा," ते म्हणाले, "पाठ कोरी. नक्षी नाही. कोपऱ्यात कुठंही आकडा नाही. त्या काळी पत्ता अख्खा उघडून बघितल्याशिवाय कळायचाच नाही. आणि हा राजा, पायांसकट उभा आहे. दोन तोंडांचे राजे मागाहून आले. रंग बघा, रेघेच्या बाहेर गेलाय. साच्यातून हातानं भरलेला आहे हा."

"मंजे?" गेनबाचा आवाज बारीक झाला होता.

"म्हणजे सत्तावन्नच्या आधीचा असायला काहीच हरकत नाही. म्हादबा, तुमच्या वडिलांनी वस्तू फार छान जपली हो."

ऐकलंत? वडिलांनी छान जपली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गेनबानं टोपी काढून डोकं खाजवलं. पैज मी जिंकली होती. माझ्या बापाचं नाव धुऊन निघालं होतं. आता शहाण्या माणसानं काय करावं? फडकं बांधावं, रामराम करावा, घरी जावं!

मी चंचीत हात घातला.

"साहेब," मी म्हणालो, "अजून एक हाय."

आणि थाटात जोकर पुढं ठेवला.

नानासाहेबांनी तो उचलला. भिंग लावलं. भिंग काढलं. चष्मा पुसला. पुन्हा भिंग लावलं. त्यांच्या तोंडावरचा उजेड कुणीतरी फुंकर मारल्यासारखा गेला.

"हा यात कसा?"

"पहिल्यापासून हाय."

"लहान का आहे मग?"

"म्हातारपणी माणूस आखडतो साहेब. पत्ताबी आखडतो."

"म्हादबा, हा एकटाच कसा आखडेल?"

"ह्यो सगळ्यात थोरला हाय."

मला वाटलं, काय बिनतोड उत्तर दिलं! नानासाहेबांनी भिंग खाली ठेवलं. "थोरला? अहो, जोकर हा पत्त्यांच्या घरातला सगळ्यात धाकटा! राजा, राणी, गुलाम शेकडो वर्षांचे. जोकर कालचा. तिकडं अमेरिकेत एक खेळ होता, त्यात गुलाम सगळ्यांत वरचढ असायचा. खेळणाऱ्यांना हौस आली, गुलामाच्याही डोक्यावर बसेल असा एक पत्ता पाहिजे. म्हणून नवा पत्ता घातला. त्याला हे विदूषकाचं सोंग तर आणखी मागाहून मिळालं. ही सगळी गोष्ट तुमच्या बंडानंतरची. विलायतेत, आपल्याकडं पोचायला तर अजून वर्षं गेली. मग बंडाआधीच्या कॅटात जोकर येईल कुठून?"

मी जोकर परत घ्यायला हात पुढं केला. नानासाहेबांनी तो दिला नाही.

"खरं सांगा, तुमच्या वडिलांच्या वेळी हा यात होता?"

आता बघा, माणूस एकदा निसरड्यावर पाय ठेवतो तेव्हा दुसरा पाय आपोआप पुढं जातो. "होता," मी म्हणालो. "बानं सोता माझ्या हातात दिला."

नानासाहेबांनी मान हलवली. "मग माझं बोलणं मागं घ्यावं लागेल. जोकर पहिल्यापासून असेल, तर वडिलांनी सांगितलेली हकीगत काही खरी नाही. कुणीतरी जुने पत्ते जुळवून त्यांना दिले असतील, किंवा त्यांनीच..."

पुढचं ते सभ्यपणानं बोलले नाहीत. पण गेनबा कसला सभ्य! टोपी पुन्हा डोक्यावर चढली. "किंवा त्यांनीच थाप मारली! दाजी, व्हा उभे. म्हना आता."

सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघायला लागलं. अहो, तुमच्यावर अशी वेळ आली असती तर? एवढं तोंड घट्ट मिटून बसलो असतो तर मी शहाणा राहत होतो आणि बाप थापाड्या. तोंड उघडलं तर बाप खरा आणि मी देवळातला चोर.

मी उठलो. गुडघे कटकट वाजले. दोन्ही हात पुढं करून म्हणालो, "बघा हे हात. जोकर म्या घातला. सालपटाच्या पान्यात रंगवला, बुधवारी इळ्यानं कापला. बाचा कॅट बावन्न पत्त्यांचाच व्हता. माझा बा खरा हाय. थापाड्या असंल तर मी हाय! म्हना काय म्हनायचं ते!"

नानासाहेबांनी जोकर नाकाशी नेला. हुंगला. "तरीच! मघापासून मला भज्यांची भूक का लागली होती, तेच कळेना!"

हशा असा उसळला की शिखरावरचे पारवे उडाले. आणि त्या हशात गेनबानं जोकर त्यांच्या हातातून घेतला, उजेडाला धरला, आणि त्याच्या पोटातून सूर्याचा एक बारीक किरण गेनबाच्या नाकावर पडला.

"आरं... ह्ये भोक..." गेनबा किंचाळला, "ह्ये भोक माझं हाय! आमची बदाम सत्ती! आन् तुमी घोंगडी उचलून शोधत व्हता व्हय दाजी?"

"तुझ्यापेक्षा जास्त शोधली," मी म्हणालो. खरंच होतं ते.

मग मी तिथंच उभा राहिलो. हललो नाही. म्हणालो, "गेनबा, चोरी माझी, कबूल. हसणं झालं. आता पैज. कॅट जुना हाय. बोल."

"आता कसली पैज वो? एवढा राडा केल्यावर..."

"बोल."

गेनबानं नानासाहेबांकडं बघितलं. नानासाहेब म्हणाले, "जोकर वगळला, तर कॅट अस्सल आहे." मग गेनबानं मारुतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि शेवटी पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "सखारामबाबा खरं बोलत व्हते."

"मोठ्यानं."

"सखारामबाबा खरं बोलत व्हते! पोरगं तेवढं उफराटं निघालं!"

चालेल! अर्धं माझ्यासाठी, अर्धं बापासाठी. बापाची वाटणी चांगली आली, बस्स.

तेव्हापासून गावात थापाड्या म्हणतात ते मला. खुशाल म्हणा. ते नाव मी बापाच्या अंगावरून उतरवून माझ्या अंगावर घेतलंय, जुना कोट घ्यावा तसं. मला बरोब्बर बसतं. आणि पारू अजून त्या पातेल्यात चहा करायला लागली की आधी विचारते, "खोकला हाय का कुनाला?" त्या पातेल्यातला चहा आजही कांद्याचा लागतो. म्हणून म्हणालो, भांडं दुसरं ठेवायला हवं होतं.

नानासाहेबांनी कॅट मागितला, कपाटात ठेवायला. मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हणालो. बापाची वस्तू आहे ती, घरातच राहील. "मग तो जोकर तरी द्या," ते म्हणाले. तो गेनबानं आनंदानं देऊन टाकला. सत्ती म्हणून मंडळींनी आगपेटीचं पुठ्ठं कापून घेतलं. त्या पुठ्ठ्याला 'दाजी' म्हणतात.

दिवाळीनंतर गेनबाबरोबर तळेगावला गेलो, तेव्हा ते काचेचं कपाट बघितलं. काय एकेक पत्ते! आणि मधोमध, बाकीच्यांपेक्षा बोटभर लहान, आमचा जोकर! प्रत्येक पत्त्याखाली चिठ्ठी. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, म्हणून गेनबाला म्हणालो, वाच. तो वाचायला लागला. ह्याच्याखाली 'सुमारे शंभर वर्षं', त्याच्याखाली 'सुमारे ऐंशी', पलीकडं 'नक्की सांगता येत नाही'. सगळीकडं सुमारे, सुमारे!

"आन् आपल्या जोकराखाली?"

गेनबानं घसा खाकरला, टोपी सरळ केली आणि शाळेतल्या मास्तरासारखं वाचलं.

"जोकर. गाव चाकण. वय चार दिवस, खात्रीनं. बनवणारा हयात आहे."